धावणारं नाक, चालणारं दुकान आणि उभा राहिलेला उमेदवार

प्रश्न : माझी नात आठवीत आहे. इंग्रजीच्या सरावात तिला 'हर फादर रन्स अ स्मॉल हॉटेल' असं वाक्य आलं. तिने मराठीत लिहिलं, 'तिचे वडील एका लहान हॉटेलात पळतात.' मला हसू आलं, तशी ती फुरंगटली. म्हणाली, "आजोबा, रन म्हणजे पळणे हे तुम्हीच शिकवलं होतंत." म्हणून शब्दकोश काढला, तर या एका शब्दाने अडीच पानं अडवलेली! इतक्या साध्या क्रियापदाला एवढे अर्थ आले कुठून? आणि पोरीने ते सगळे पाठ करायचे का?
— एक आजोबा, मिरज

उत्तर : अडीच पानांवर निभावलं म्हणायचं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत 2011 साली 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा तिच्यात 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने या एका शब्दापायी गेले. पूर्वी सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'चा होता. 1989 च्या वीस खंडांच्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती. पुढे कोशाच्या सुधारणेचं काम 'एम' या अक्षरापासून हाती घेतलं गेलं आणि 2000 मध्ये 'मेक'ने, 2007 मध्ये 'पुट'ने आणि त्यानंतर 'रन'ने आधीच्याला मागे टाकलं. गंमत पाहा, हे सगळे पहिली-दुसरीच्या पुस्तकातले शब्द. 'फोटोसिंथेसिस'चा अर्थ एकदा कळला की कळला. जीव खातात ते हे तीन-चार अक्षरांचे.

645 या आकड्याला मात्र फार घाबरू नका. घोडा माळावर धावतो तो एक अर्थ, शर्यतीत धावतो तो दुसरा आणि मालक त्याला शर्यतीत उतरवतो तो तिसरा, असं एक कोशकार मोजेल. दुसरा या तिघांना एकाच ओळीत बसवेल. कोशकाराची चाळणी जितकी बारीक, तितका आकडा मोठा. तरीही 'रन'चा पसारा अफाट आहे हे खरंच, आणि त्यामागे कारणं आहेत. त्यातलं पहिलं कारण तुमच्या नातीच्या वाक्यातच दडलेलं आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या जागी दोन वेगळी क्रियापदं होती. एक 'रिन्नन', म्हणजे स्वतः धावणं किंवा वाहणं. दुसरं 'अर्नन', म्हणजे धावायला लावणं, घोडा पिटाळणं. त्यात व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत 'रिन्ना' आणि 'रेन्ना' अशी याच घराण्यातली जोडी होती. पुढच्या काही शतकांत ही चारही क्रियापदं एकमेकांत मिसळली, शेवटचे प्रत्यय झडले आणि हाती उरला एकटा 'रन'. जर्मनमध्ये ही जोडी आजही शाबूत आहे : 'रिनेन' म्हणजे पाझरणं, वाहणं आणि 'रेनेन' म्हणजे धावणं. इंग्रजीने दोघांना एकाच खोलीत कोंबलं.

मराठीत आपण ही अडचण 'व' लावून सोडवतो. पळणे–पळवणे, फिरणे–फिरवणे, चालणे–चालवणे. व्याकरणाच्या तासाला याला प्रयोजक क्रियापद म्हणतात आणि ते पाच गुणांना येतं, पण त्याची किंमत कळते ती ते नसलेल्या भाषेत गेल्यावर. 'द हॉर्स रॅन' म्हणजे घोडा पळाला, 'ही रॅन द हॉर्स' म्हणजे त्याने घोडा पळवला. शब्दाचं रूप तेच. फरक कळतो तो पुढे कर्म आहे की नाही, एवढ्यावरून. म्हणून नातीला सांगा : 'रन'च्या पुढे एखादी वस्तू, संस्था किंवा यंत्र आलं, की कर्ता बहुधा पळत नसतो, तो ते चालवत असतो. वडील हॉटेल चालवतात. हाच धागा धरला की शाळा, दुकान, घर, जनरेटर, वृत्तपत्राने छापलेली बातमी, रुग्णालयाने केलेल्या रक्ताच्या चाचण्या, सगळीकडचा 'रन' आपोआप उलगडतो. अपवाद अर्थातच आहेत. 'शी रॅन अ मॅरेथॉन'मध्ये कर्म आहे, पण घामाघूम तीच झाली आहे.

दुसरं कारण वाहण्याचं. नाक 'रन' होतं, नळ 'रन' होतो, धुतलेल्या साडीचा रंग 'रन' होतो, पुस्तकात नदी 'रन' होते. हे सगळं कवी लोकांनी रंगवून सांगितलेलं आहे असं वाटतं, पण तसं नाही. वाहणं हा या धातूचा मुळापासूनचाच अर्थ आहे, धावण्याइतकाच जुना. आपल्याकडेही एकेकाळी असंच होतं. संस्कृत 'धाव्'चे अर्थ मोनियर-विल्यम्सच्या कोशात पाहा : धावणे आणि त्याच्याच शेजारी वाहणे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस 'धावतो'. मराठीत येईपर्यंत आपण वाटणी केली. पाण्याला आणि नाकाला 'वाहणे' दिलं, पायांना 'धावणे' दिलं. वाटणी झाली की एकेका शब्दाचे अर्थ कमी होतात आणि शब्द वाढतात. इंग्रजीने या बाबतीत एकत्र कुटुंब ठेवलं.

बँकेवरचा 'रन' मला या वाहण्याच्या जवळचा वाटतो, जरी त्यात माणसं खरोखर धावतही असली. 2007 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्याला 'रन ऑन द बँक' म्हणाले. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून घेण्याचे आदेश आले. ते बरेचसे फोनवरून आणि संगणकावरून. कोणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही, पण शब्द तोच राहिला.

तिसरं कारण यंत्रं, आणि माझ्या मते आजच्या पसाऱ्याचा मोठा हिस्सा याच खात्यावर जातो. वाफेची इंजिनं, गिरण्या, रूळ हे सगळं इंग्रजीभाषकांच्या अंगणात आधी आलं आणि या नव्या हालचालींना नाव देताना त्यांनी हाताशी असलेला जुना शब्द उचलला. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे 1830 ची, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती 16 एप्रिल 1853 ला. गाडीबरोबर वेळापत्रक आलं, वेळापत्रकाप्रमाणे गाड्या 'रन' होऊ लागल्या, उशीर झाला की 'रनिंग लेट'. मग विजेवर चालणारी यंत्रं आली, शेवटी संगणक आला. 1 मे 1964 च्या पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये बेसिक या संगणकभाषेतला पहिला प्रोग्राम चालला, तो टर्मिनलवर 'रन' एवढा एकच शब्द टाइप करून. आज हिंजवडीतली मुलं 'प्रोग्राम रन केला' म्हणतात, 'चालवला' म्हणत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, यंत्राने तो शब्द तसाच मागितला होता.

आता जरा आपल्या घरात डोकावू, कारण नातीला खरी मदत इथून होईल. 'रन'चे बरेच अर्थ मराठीत आणायला 'धावणे' कामी येत नाही, 'चालणे' येतं. दुकान चालतं, घड्याळ चालतं, पंखा चालतो, खटला चालतो, वर्ग चालतात, नाटक चालतं किंवा पडतं. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' 1995 मध्ये लागला आणि वर्षानुवर्षं चालला. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याचा 'रन' झाला. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' नोव्हेंबर 1952 पासून चालू आहे. करोनाने 2020 च्या मार्चमध्ये ते थांबवलं, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पडदा पुन्हा वर गेला. इंग्रजीत हा सगळा 'रन', मराठीत सगळं चालणं.

यावरून इंग्रज घाईचे आणि आपण निवांत, असा सिद्धांत कोणी मांडू लागला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं. भाषेच्या सवयीवरून माणसांचे स्वभाव ठरवणं हा करमणुकीचा प्रकार आहे. पण 'चालणे' हे आपलं 'रन' आहे, एवढं मात्र निश्चित. इंग्रज मुलाला मराठी शिकताना केवढा घाम फुटत असेल पाहा : डोकं चालत नाही, घरात त्याचं काही चालत नाही, फाटकी नोट चालत नाही, उपासाला साबुदाणा चालतो पण गहू चालत नाही, माणूस भारी चालू आहे, दिवा चालू आहे, चालू महिना, चालू खातं आणि या सगळ्यावर कळस म्हणजे नुसतं 'चालेल'. मोल्सवर्थसाहेबांनी 1857 च्या आपल्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'चालणें' लिहायला घेतलं तेव्हा त्यांचीही गत गिलिव्हरसाहेबांसारखी झाली असेल, असं मला आपलं वाटतं.

आणि 'धाव'ही आपल्याकडे काही कमी हिंडलेली नाही. बैलगाडीच्या चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून पुढेमागे जायचे तो उतार म्हणजे धाव. शिवणातला साधा टाका धावदोरा, आणि इंग्रजीतही त्याला 'रनिंग स्टिच'च म्हणतात. संकटात देवाचा करतात तो धावा. मदतीला धावून येणारा माणूस वेगळा आणि अंगावर धावून येणारा वेगळा. क्रियापद तेच, पण आधीचा शब्द बदलला की मित्राचा शत्रू होतो. ही जोडी नातीला आवर्जून दाखवा, कारण 'रन'च्या मागे चिकटणारे 'आउट', 'ओव्हर', 'इंटू', 'डाउन' हे नेमकं हेच काम करतात. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. 'ही रॅन इंटू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटला, पण 'ही रॅन इंटू अ पोल' म्हणजे खांबावर आपटला. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणं, आणि सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरी 'रन ओव्हर'च. आपल्याकडची बहुतेक भाषणं त्या दुसऱ्या अर्थाची.

पाठ करायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. अजिबात नाही. पाठ केलेली अर्थांची यादी वाक्य समोर आलं की दगा देते, कारण यादीतला कितवा अर्थ उचलायचा हे यादी सांगत नाही. शब्द त्याच्या सोबत्यासकट वहीत उतरवायचा. 'रन अ शॉप', 'रन अ टेम्परेचर', 'रन अ रिस्क', 'रन लेट', 'रन इन द फॅमिली', असे तुकडेच्या तुकडे, आणि पुढे आपल्या घरात बोलू तसं मराठी. दुकान चालवणे. अंगात ताप असणे. धोका पत्करणे. उशीर होणे. घराण्यातच असणे, म्हणजे मधुमेह किंवा गोड गळा. पाच तुकड्यांची चार मराठी क्रियापदं झाली आणि त्यात 'पळणे' एकदाही आलं नाही, हे तिच्या आपोआप लक्षात येईल. परीक्षेपुरतं एक जास्तीचं : रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखं. 'आय हॅव रॅन' हे आपल्याकडे शिकलेली माणसंही सर्रास म्हणतात, पण ते चुकीचं आहे.

आणि नातीच्या भाषांतराला भोपळा देऊ नका. आमच्या कोपऱ्यावरच्या मिसळीच्या हॉटेलात सकाळी नऊ वाजता मालकाकडे पाहिलं, तर तिचं वाक्य शब्दशः बरोबर आहे.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. इथे टीव्हीवर उमेदवार निवडणुकीत 'रन' करतात. मी शाळेत 'स्टँड फॉर इलेक्शन' शिकले होते. माझं इंग्रजी जुनं झालं की चुकीचं आहे?
— एक वाचक, सध्या न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही नाही, तुमचं इंग्रजी ब्रिटिश आहे. ब्रिटनमध्ये उमेदवार 'स्टँड' करतो, अमेरिकेत 'रन' करतो. एक उभा राहतो, दुसरा पळतो आणि मते मागायला दोघेही सारखेच फिरतात. आपण 'निवडणुकीला उभा राहिला' म्हणतो, ते ब्रिटिशांच्या वळणाचं. मात्र मराठी उमेदवार तेवढ्यावर थांबत नाही. तो रिंगणात उतरतो, निवडणूक लढवतो, शड्डू ठोकतो, आणि पडलाच तर चीतही होतो. म्हणजे आपली निवडणूक शर्यतीच्या मैदानावर होत नाही, तालमीच्या मातीत होते.

अमेरिकनांची मात्र सगळी शब्दावली घोड्यांच्या शर्यतीची आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ते 'रनिंग मेट' म्हणतात. मुळात हा एकाच तबेल्यातला जोडीचा घोडा, मुख्य घोड्याचा वेग राखायला शर्यतीत सोडलेला. शर्यतीत मागे राहिलेला तो 'ऑल्सो रॅन', म्हणजे 'हाही धावला होता'. आपल्याकडे अशा उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं.

प्रश्न : फलंदाज जागचा हलत नाही, चेंडू सीमापार जातो आणि सहा 'रन' मिळतात. यात धावणं कुठे आलं?
— दहावीतला विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आज कुठेच नाही. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये सीमारेषाच नव्हती. फटका कितीही दूर जावो, जेवढं मिळवायचं तेवढं बावीस यार्ड धावूनच मिळवावं लागे. गुणलेखक काठीवर चाकूने खाचा पाडत, म्हणून तेव्हा धावांना 'नॉचेस', म्हणजे खाचाच म्हणायचे. पुढे खाचा गेल्या, 'रन' आले. नंतर सीमारेषा आखली गेली, धावणं वाचलं आणि शब्द राहून गेला. वाइडच्या वेळी तर धाव काढल्याचं पुण्य फलंदाजाच्या नावावरही जमा होत नाही.

मराठीने हा विरोधाभास जशाच्या तसा स्वीकारला, 'सहा धावा'. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत जी पिढी वाढली, तिला त्यात काही वावगं वाटत नाही. 'रन आउट'साठी मराठीने 'धावचीत' हा शब्द घेतला. इंग्रजी शब्द नुसता 'बाद झाला' सांगतो, मराठी शब्दात गडी पाठीवर पडलेला दिसतो. पुन्हा कुस्तीच! मला तो मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो.

प्रश्न : आम्ही लहानपणापासून 'रनिंग नोज' म्हणतो. लंडनहून आलेला भाचा हसला.
— एक वाचक, पणजी

उत्तर : तिकडे 'रनी नोज' म्हणतात. आपलं 'रनिंग नोज' भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही दिसतं आणि औषध तेच मिळतं. भाच्याला सांगा, त्याच्याच देशात सलग तिसऱ्या दिवशी पाऊस पडला तर लोक 'थर्ड डे रनिंग' म्हणतात, तेव्हा दिवसही पळत नसतो.

प्रश्न : सुतार 'रनिंग फुटा'चा भाव सांगतो. साधा फूट आणि रनिंग फूट यात फरक काय?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : फूट तोच, बारा इंचांचा. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी-उंची हिशेबात धरायची नाही. जिन्याचा कठडा, भिंतीच्या कडेची पट्टी, पडद्याचा रॉड अशा कामांना हे माप सोयीचं. मापाची पट्टी लांबीच्या दिशेने सरकत जाते, म्हणून 'रनिंग'. जुनी गाडी विकणारा 'रनिंग पन्नास हजार' म्हणतो ते किलोमीटर. रेल्वेतली 'रनिंग रूम' मात्र पळण्याची खोली नव्हे, गाडी चालवून आलेल्या लोको पायलट आणि गार्ड यांनी झोप काढायची जागा.

तुमच्या कामाचं म्हणाल तर स्वयंपाकघराच्या ओट्याचा भाव रनिंग फुटाने सांगितला असेल, तर त्यात ओट्याची खोली किती धरली आहे आणि खालच्या कप्प्यांची दारं धरली आहेत की नाही, हे आधी कागदावर लिहून घ्या. कपाटाचा भाव चौरस फुटाने मागा.